आमचा तिसरा डोळा

आमच्या अंगणातला पितळी नळ चोरीला गेला, तेव्हा मला फारसं वाईट वाटलं नाही. पितळ ही वस्तूच अशी आहे, की ती उचलून न्यावी असं कुणालाही वाटावं. पण पंधरा दिवसांत त्याच जागी बसवलेला दुसरा पितळी नळही गेला, तेव्हा मात्र तो मला माझा व्यक्तिगत अपमान वाटला. पहिल्या वेळी चोरानं नुसता नळ नेला होता; दुसऱ्या वेळी त्यानं मला ओळखलं होतं. 'हा गृहस्थ पुन्हा पितळीच नळ बसवणार' असा अंदाज त्यानं बांधला आणि तो खरा ठरला. आमच्या मुख्याध्यापकांनासुद्धा मी इतका नेमका कधी कळलो नव्हतो.

"आता प्लास्टिकचा बसवा," आमची ही म्हणाली.

आता, एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला इतका साधा उपाय पटत नसतो. मी तो प्रश्न तत्त्वाचा केला. चोराला घाबरून पितळेचं प्लास्टिक करायचं? उद्या तांब्याचं काय? परवा मंगळसूत्राचं काय? मंगळसूत्राचा उल्लेख झाल्यावर ही आत निघून गेली आणि बंगळूरला मुलाला फोन केला. आठव्या दिवशी पार्सल आलं. त्यात मुठीएवढा पांढराशुभ्र कॅमेरा होता.

"बाबा, हा एरवी झोपलेला असतो," मुलानं फोनवर समजावलं. "समोर कुणी हललं की जागा होतो, चित्रण करतो आणि तुमच्या मोबाइलवर कळवतो."

"म्हणजे शिक्षकांच्या सभेतल्या माझ्यासारखा," मी म्हणालो. "फक्त मी कळवत नसे."

कॅमेरा लावायचा कुठे, हा प्रश्न मला दोन मिनिटांचा वाटला होता. तो दोन महिने पुरला. सांगायचं ते त्या दोन महिन्यांबद्दलच आहे.

पहिल्यांदा मी तो गच्चीच्या कठड्याला, जमिनीपासून चांगला पंधरा फुटांवर लावला. उंचावरून सगळं दिसतं, हा आपला जुना समज. शिवाय चोराचा हात पोचायला नको. दुसऱ्या दिवशी दूधवाला आला, पेपरवाला आला, गॅसवाला आला, कॅमेरा शांत. साडेदहाला एक कावळा त्याच्या नाकासमोर येऊन बसला, तेव्हा मोबाइल 'टिंग' करून म्हणाला, की हालचाल आढळली आहे.

शेवटी विजयला बोलावलं. विजय माझा जुना विद्यार्थी. मराठीत त्याला मी शंभरात छत्तीस दिले होते. पुढे त्यानं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि आता सोलापुरातल्या निम्म्या घरांतल्या वायरी त्याला ओळखतात. त्यानं शिडी लावून कॅमेरा पाहिला आणि वरूनच म्हणाला, "सर, इथनं त्याला माणूस दिसत नाही. माणसाची टाळू दिसते."

मग खाली उतरून, चहा पिता पिता, त्यानं मला शिकवणी दिली. छत्तीस गुणांचा सूडच म्हणायचा. पण शिकवलं छान.

"सर, त्याला जागं करणारा जो डोळा आहे ना, तो माणूस बघतच नाही. तो ऊब बघतो. आपल्या अंगातनं उष्णता बाहेर पडत असते, आपल्याला न दिसणारी. त्या डोळ्यात शेजारी शेजारी दोन बारक्या पट्ट्या असतात. ऊब आधी एकीसमोर आणि मग दुसरीसमोर आली, की दोघींत फरक पडतो. फरक पडला, की तो जागा झाला. हे पुढे फुगलेलं पांढरं प्लास्टिक आहे ना, ते भिंग आहे. फ्रेनेलचं भिंग म्हणतात त्याला. ते तुमच्या अंगणाचे पंख्याच्या पात्यांसारखे भाग पाडतं. आडवा चालणारा माणूस एकामागनं एक पाती ओलांडतो. लगेच कळतं. पण कॅमेऱ्याच्या रोखानं सरळ चालत येणारा एकाच पात्यातनं येतो. दोन्ही पट्ट्यांना तो सारखाच दिसतो. फरकच पडत नाही."

"मग?"

"मग तो अगदी जवळ येईपर्यंत कळतच नाही बऱ्याचदा."

"म्हणजे आडवा जाणारा याला दिसतो आणि सरळ येणारा दिसत नाही?"

"बरोबर सर."

"मग हा कॅमेरा नाही रे, हे वर्तमानपत्र आहे."

विजय हसला, पण माझ्या डोक्यात ते वाक्य नळासारखं ठिबकत राहिलं. फ्रेनेल हा फ्रेंच शास्त्रज्ञ. त्यानं 1820च्या सुमारास हे भिंग काढलं ते दीपगृहांसाठी. दूर समुद्रात वाट चुकलेल्या जहाजांना दिवा दिसावा म्हणून. त्याच जातीचं भिंग आज प्लास्टिकचं होऊन सोलापुरात माझ्या भिंतीवर बसलं होतं, आणि कुणाला वाट दाखवायला नव्हे, तर कुणाची वाट चुकतेय ते पाहायला.

विजयनं नियम सांगितले. उंची सात ते दहा फूट. तोंड किंचित खाली. माणूस वीस-पंचवीस फुटांच्या आत, आणि समोरून आडवा गेला पाहिजे. मी वहीत लिहून घेतलं आणि नंतर, विद्यार्थी करतात तसंच, त्यातलं काहीही न पाळता दुसरी जागा शोधली.

दुसरी जागा व्हरांड्यात, थेट फाटकासमोर. फाटकातून येणारा प्रत्येक जण अर्थातच सरळ कॅमेऱ्याकडे येई. पोस्टमन येऊन बेल वाजवून गेला तरी कॅमेरा झोपलेलाच. तिसरी जागा फाटकाच्या अगदी जवळ. तिथे तो जागा होई. पण जागं होऊन डोळे चोळेपर्यंत त्याला क्षण-दोन क्षण लागत. तेवढ्यात माणूस निघून गेलेला. माझ्याकडे आजही टाचांच्या चित्रणाचा मोठा संग्रह आहे. गल्लीतल्या कुणाच्या टाचा भेगाळल्या आहेत, हे मी पोलिसांना शपथेवर सांगू शकेन.

चौथ्या खेपेला तोंड गल्लीकडे केलं. जेवणाच्या वेळेपर्यंत एक्केचाळीस वेळा टिंग. स्कूटर, रिक्षा, दोन गाई, एक वरात. स्कूटरचं इंजिनही तापलेलंच की! पाचव्या खेपेला शेजाऱ्यांच्या एसीचं बाहेरचं यंत्र समोर आलं. त्याच्या गरम झोतानं बोगनवेल हलायची आणि दर दहा मिनिटांनी बोगनवेल आमच्यावर दरोडा घालत असल्याची खबर यायची. सहाव्या खेपेला तोंड पूर्वेला. रोज सकाळी अर्धा तास कॅमेऱ्यात फक्त सूर्यनारायण. पावसाच्या भीतीनं एकदा तो खिडकीच्या काचेआड ठेवला, तर विजय म्हणाला, "सर, काचेतनं उजेड येतो, अंगाची ऊब येत नाही." रात्री अंधारात बघण्यासाठी कॅमेऱ्याचे दिवे लागत, त्यांवर चिलटं येत, चिलटांसाठी कोळी आला, आणि त्यानं भिंगावरच घर बांधलं. एवढ्या मोठ्या अंगणात त्याला मात्र योग्य जागा पहिल्याच रात्री सापडली.

त्यात मे महिना उजाडला. सोलापूरचा मे. पारा बेचाळीसवर. भोवतालच्या भिंती-फरशीत आणि माणसाच्या अंगात फरक जितका कमी, तितका हा डोळा आंधळा. सोलापुरात मे महिन्यात माणूस आणि भिंत यांत दिवसातले कितीतरी तास फरकच उरत नाही. दोघंही तापलेले आणि दोघंही गप्प.

आता तुम्ही म्हणाल, की यात तत्त्वज्ञान कुठे आलं? ते येतंय. एके दिवशी मी शिडीवर उभा राहून सातवी जागा मोजत असताना ही खालून म्हणाली, "अहो, तुम्ही तिथे काय मोजता? फूट की माणसं?"

मी टेप गुंडाळली. कारण प्रश्न खरा होता. फाटकाकडे तोंड केलं तेव्हा माझ्या मनात दूधवाल्याचा नवीन पोरगा होता. गल्लीकडे केलं तेव्हा भंगारवाला होता. गच्चीवर लावला तेव्हा समोर बांधकामावर आलेली माणसं होती. कॅमेरा कुठे लावायचा हे मी ठरवत नव्हतो. संशय कुणावर घ्यायचा हे ठरवत होतो. उंची, कोन, अंतर ही सगळी नंतरची सजावट. आपल्या संशयाचं एक बरं असतं, तो नेहमी आपल्यापेक्षा कमी पैसे मिळवणाऱ्याकडेच तोंड करून उभा राहतो. आमच्या गल्लीत दोन निवृत्त इंजिनिअर राहतात आणि दोघांच्याही घरी पाने-पकडी आहेत. नळ काढायला पानाच लागतो. पण माझ्या कॅमेऱ्यानं त्यांच्या दिशेला कधी मान वळवली नाही.

असो. सातव्या खेपेला कॅमेरा लावला तो थेट नळाकडे. चोरी नळाची, तर नजर नळावर. इतकं ते सरळ होतं. नळ मात्र तोवर हिनं गुपचूप प्लास्टिकचा बसवून घेतला होता. म्हणजे चार हजारांचा कॅमेरा आता शे-सव्वाशेच्या प्लास्टिकवर पहारा देत होता. पण तत्त्व ते तत्त्व.

या जागी त्यानं पहिला गुन्हेगार पकडला. तिसऱ्या दिवशी सकाळी बंगळूरहून मुलाचा फोन. त्याच्याही मोबाइलवर टिंग जात असे, हे मी विसरलो होतो.

"बाबा, तुम्ही अंगण झाडता तेव्हा पानं शेजाऱ्यांच्या बाजूला का ढकलता?"

मी म्हणालो, वारा होता. तो म्हणाला, चित्रणात वारा दिसत नाही, खराटा दिसतोय. मी म्हणालो, बदामाचं झाड त्यांचं आहे. तो म्हणाला, पानं बदामाची नाहीत, पेरूची आहेत. पेरू आमचा आहे. सबंध नोकरीत मी मुलांच्या कॉप्या पकडल्या. पण मुद्देमालासह असा मीच पहिल्यांदा सापडलो.

आता खरी मौज पुढे आहे. दुसऱ्या दिवसापासून मी पानं नीट गोळा करून आमच्याच खड्ड्यात टाकू लागलो. चार दिवस मला माझाच अभिमान वाटला. पाचव्या दिवशी लक्षात आलं, की कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, भिंतीलगत, त्याला काहीच दिसत नाही. तोंड पुढे असलेल्याला स्वतःच्या पायाखालचं कुठून दिसणार? आपल्याकडे म्हणतात तो दिव्याखालचा अंधार हाच. आणि माझा खराटा, मी न सांगता, पानांचा ढीग हळूहळू त्या अंधाराकडे नेत होता. म्हणजे चार दिवस सुधारला होता तो मी नव्हतोच. सुधारली होती ती कॅमेऱ्यासमोरची फक्त वीस फूट जागा.

परीक्षेच्या वर्गावर पहारा करताना मी हेच शास्त्र वापरत असे. समोर बसलं तर मुलं तुमचे डोळे पाहतात. मागे जाऊन उभं राहायचं आणि खुशाल पेपर वाचायचा. मुलांना वाटतं, सर बघताहेत. मागे वळून खात्री करून घ्यायची सोय नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेरेमी बेंथम नावाच्या इंग्रज विचारवंतानं अगदी असाच तुरुंग कल्पिला होता. मधोमध मनोरा, भोवती गोलाकार कोठड्या. कैदी मनोऱ्यातून दिसणार, पण मनोऱ्यातला पहारेकरी कैद्याला दिसणार नाही. तो बघत असेल वा नसेल, कैदी शहाण्यासारखा वागणारच. मी बेंथम वाचला निवृत्तीनंतर; पण पहाऱ्याची पद्धत तीच. आणि इतकी वर्षं मी समजत होतो, की माझ्या वर्गातली मुलं प्रामाणिक आहेत! ती फक्त मान वळवत नव्हती.

आपल्याकडे चित्रगुप्त आहेच. त्याच्या वहीत सगळं लिहिलेलं असतं म्हणतात. पण चित्रगुप्ताची एक गोष्ट मला आता फार मोठी वाटते. तो दिवसातून एक्केचाळीस वेळा टिंग करत नाही. तो शेवटी हिशेब मांडतो. मधली सगळी वर्षं माणसाला आपण होऊन चांगलं वागायला मोकळी ठेवतो. शिवाय तो शेजाऱ्याचं खातं आपल्याला दाखवत नाही.

यावर मी एक छानसा लेख लिहायच्या विचारात होतो. तेवढ्यात लक्ष्मीबाईंचं झालं.

लक्ष्मीबाई आमच्याकडे तेवीस वर्षं धुणं-भांडी करतात. अंगणातल्या त्याच नळाखाली बसून करतात. कॅमेरा नळाकडे वळवला म्हणजे कुणाकडे वळवला, हे शिडीवर चढलेल्या मराठीच्या शिक्षकाला सुचलं नाही. खाली बसलेल्या बाईला पहिल्याच दिवशी कळलं. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त पदर डोक्यावरून घ्यायला लागल्या. हिच्याशी गप्पा मारत भांडी घासायच्या, त्या गप्पा थांबल्या. मला वाटलं, ऊन फार आहे.

एका दुपारी काम आटोपून त्या निघाल्या. मी व्हरांड्यात बसलो होतो, डोक्यावर कॅमेरा. त्या फाटकाकडे न जाता सरळ माझ्याकडे चालत आल्या. समोर उभ्या राहिल्या, हातातली कापडी पिशवी दोन्ही हातांनी उघडली आणि म्हणाल्या, "बघून घ्या, सर."

पिशवीत डबा होता, औषधाची एक पट्टी होती आणि हिनं दिलेल्या चार कैऱ्या होत्या.

तेवीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्या तोंडून शब्द निघेना. भाषेवर पोट भरलेला माणूस मी. "अहो, हे काय" याच्या पुढे जाता आलं नाही. त्या पिशवी बंद करून निघून गेल्या.

त्या रात्री मी मोबाइल उघडून ते चित्रण शोधलं. का शोधलं, ते विचारू नका. बहुधा मी किती वाईट दिसलो हे बघायचं होतं. चित्रण नव्हतं. लक्ष्मीबाई सरळ आल्या होत्या आणि भर मेच्या दुपारी आल्या होत्या. विजयचे दोन्ही नियम लागू पडले. बोगनवेलीची प्रत्येक हालचाल नोंदवून ठेवणाऱ्या आमच्या तिसऱ्या डोळ्याला, त्या अंगणात घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट दिसलीच नव्हती.

घरावर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्याची कल्पना आपल्या नावावर नोंदवली ती एका परिचारिकेनं. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी. नोकरीच्या वेळा अडनिड्या, पोलीस वेळेवर येत नसत, घरात एकटं असताना दारावर थाप पडली की भीती वाटे. 1966 साली तिनं आणि तिच्या नवऱ्यानं पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969च्या डिसेंबरात पेटंट मिळालं. दाराला वर-खाली चार भोकं, आत सरकणारा कॅमेरा, खोलीत पडदा. पण मला त्यातलं जास्त महत्त्वाचं वाटतं ते निराळंच. दाराबाहेरच्या माणसाशी आतून बोलायचीही त्यात सोय होती. म्हणजे तो कॅमेरा सरळ दाराशी आलेल्याकडे बघायचा आणि त्याला विचारायचा, "कोण आहे? काय हवंय?" माझ्या कॅमेऱ्यालाही बोलायची सोय आहे. मी ती दोन महिन्यांत एकदाही वापरली नव्हती. मी फक्त बघत होतो.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाई आल्या तेव्हा मी कॅमेरा काढून हातात घेऊन उभा होतो. क्षमा मागायची मनात होती. पण आमच्या पिढीतल्या पुरुषांची क्षमा मागायची पद्धत म्हणजे दुसरंच काहीतरी विचारणं. मी विचारलं, "लक्ष्मीबाई, हा लावायचा कुठे?"

त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदराला हात पुसत अंगणाच्या मध्यापर्यंत गेल्या. तेवीस वर्षं त्यांनी त्या अंगणात सडा घातला होता. कोण कुठून येतं आणि कुठून जातं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"त्या जास्वंदीमागच्या खांबाला लावा. फाटकातनं आत आलं, की समद्यांना हितनंच आडवं जावं लागतंय. झाडाची सावली बी पडत नाही. आन् नळाकडं तोंड नको."

"नळाकडे तोंड नाही करत," मी घाईघाईनं म्हणालो.

"तसं आमच्याकडं तोंड असलं तरी चालंल, सर. पर आधी सांगायचं वं."

खासगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमतानं सांगितलं. तो निकाल 547 पानांचा आहे. तो सरकारला सांगितलेला होता आणि त्याला तेवढी पानं लागणारच. पण घराघरांतल्या माझ्यासारख्या लहान सरकारांसाठी लक्ष्मीबाईंचं 'आधी सांगायचं' पुरेसं आहे. लपून बघणारी नजर आणि सांगून बघणारी नजर, भिंग एकच असलं तरी या दोन गोष्टी नव्हेत. पहिलीत समोरचा संशयित असतो. दुसरीत तो शेजारी असतो.

विजयनं खांबाला कॅमेरा लावला. साडेसात फूट उंच, तोंड किंचित खाली, फाटकापासून दारापर्यंतची वाट पंधरा फुटांवरून आडवी. आठव्या खेपेला, म्हणजे पहिल्याच खेपेला विचारायला हवं होतं त्या बाईला विचारल्यावर, कॅमेरा नीट चालू लागला. फाटकावर मी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली : 'येथे कॅमेरा आहे.' विजयनं ती वाचली आणि म्हणाला, "सर, चोराला कळेल की." मी म्हणालो, "कळू दे. तो वाचणारा निघाला तर मला आनंदच आहे." पानं मी आता आमच्याच खड्ड्यात टाकतो. अंधारातलीसुद्धा. निदान बहुतेक दिवशी.

नळाचा चोर अजून सापडलेला नाही. सापडेल असंही वाटत नाही. प्लास्टिकचा नळ ठिबकतो. पण जागेवर आहे.

परवा दुपारी काम आटोपून लक्ष्मीबाई निघाल्या. पिशवी खांद्याला अडकवलेली, मागे वळून हिच्याशी काहीतरी बोलणं चालूच. न थांबता, माझ्याकडे न येता, कॅमेऱ्यासमोरून आडव्या चालत फाटकाबाहेर गेल्या. माझ्या खिशात मोबाइल 'टिंग' म्हणाला.

दोन महिन्यांत तो एकच टिंग मला गोड वाटला.